फक्कीची रेघ

सोपानतात्यांनी आयुष्यभर इतकं काही उभं केलं, पण त्यातलं तुम्हाला दाखवायला आज माझ्याकडे काहीच नाही. बारामतीच्या आसपास कुणाचं लग्न असो, बारसं असो की सोसायटीची सभा, मांडव तात्यांचा. सकाळी मोकळं असलेलं रान संध्याकाळपर्यंत ओळखू येत नसे, आणि कार्य उरकलं की दुसऱ्या दिवशी तिथं बांबूंची भोकं आणि चार-दोन पत्रावळ्या तेवढ्या उरायच्या. तात्या सायकलवरून त्याच जागेवरून जायचे आणि तिकडे बघायचेही नाहीत.

त्यांचं मंडपाचं गोदाम आणि माझं चष्म्याचं दुकान यांच्यात एकच भिंत होती. म्हणून हा माणूस मला रोज जवळून बघायला मिळाला. मी स्वभावाने भित्रा. गिऱ्हाईक जरा मोठ्यानं बोललं तरी मी बिलात सूट देऊन टाकतो. असल्या माणसाला तात्यांसारखा शेजारी मिळाला हे माझं नशीब, असं मी आजही मानतो.

तात्या उंच, वाळकुडे. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, आणि खिशात कायम सुतळीचा गुंडा. कुठल्याही जागेत शिरले की आधी वर बघायचे, मग सूर्य कुठं आहे ते बघायचे आणि मगच माणसांकडे. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार-चमत्कार करण्याआधीच म्हणाले, "दुपारचं ऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यात येतंय. खुर्ची फिरवा." मी खुर्ची फिरवली. ती आजही तशीच आहे.

मानपान हा त्यांच्या धंद्याचा जीव. लग्नात कोण कुठं बसणार, कुणाला फेटा, कुणाला नुसती टोपी, हे घरच्यांपेक्षा तात्यांना जास्त ठाऊक. पिंपळीच्या एका लग्नात नवरीचे मामा रुसले. का, तर त्यांच्या खुर्चीपुढं खांब आला होता. सगळे त्यांना समजावत बसले, तात्यांनी मात्र भर लग्नात, अक्षता चालू असताना, मांडवाचा खांब हलवला. चार माणसांनी वरचं कापड काठ्यांवर तोलून धरलं आणि खाली कुणाला पत्ता लागला नाही. मामा हसले. मी नंतर म्हणालो, "तात्या, एवढं कशाला?" तर म्हणाले, "मानकऱ्याला न्हाय म्हणायचं आसंल तर मांडवाच्या धंद्यात पडू न्हाय."

त्यांचं घराणं सांगवीचं. वडलांनी वस्तीबरोबर बुद्धाचा धम्म घेतलेला. वडीलही मांडवच घालायचे, आणि त्या काळात काही गावांत मांडव त्यांच्या हातचा चाले, पंगतीला मात्र ते बाहेर. तात्या हे कडवटपणे सांगत नसत. कापडाची घडी घालता घालता म्हणायचे, "कापडाला कळत न्हाय खाली कोण बसलंय. त्ये सगळ्यांवर सारखंच ऱ्हातं." आणि घडी इतकी चोख घालायचे की बघत राहावं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा त्यांच्या बहिणीचा मुलगा मिलिंद परदेशातली नोकरी सोडून परत आला. तिकडे तो पेंटबॉलच्या मैदानावर कामाला होता. हा खेळ इकडे कुणी बघितलेला नव्हता. दोन संघ, प्रत्येकाच्या हातात गॅसवर चालणारी बंदूक, आणि तिच्यात बोराएवढ्या रंगाच्या गोळ्या. आडोशानं लपत जायचं, समोरच्याला गोळी मारायची, रंग लागला की तो बाद. मिलिंदच्या मनात पुण्याजवळ कुठंतरी असं मैदान काढायचं होतं. तात्या म्हणाले, "पुण्याला कशापायी? माझा माळ हाय की."

वरकुट्याजवळ त्यांनी कधीतरी एक माळ घेऊन ठेवला होता. नुसता दगड आणि वेडी बाभूळ. उसाला पाणी नाही, कुसळ उगवायलाही तयार नाही. शिवाय त्या माळाला स्वतःची वाटच नव्हती. तिन्ही बाजूंना ओढा, आणि चौथ्या बाजूला चेअरमन आण्णांचा ऊस. आण्णा आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचे चेअरमन, मोठे बागायतदार, शब्दाचे पक्के. तात्या विचारायला गेले तेव्हा ते म्हणाले, "जावा की उसाच्या कडंनं. वाट काय मी खांद्यावर घिऊन हिंडतोय?" कागद नाही, काही नाही. तेवढ्या शब्दावर ते मैदान उभं राहणार होतं.

"तात्या, या वयात हे काय काढलंत?" मी विचारलं.

ते गोदामाच्या उंबऱ्यावर बसले होते. म्हणाले, "माझं एकबी काम दुसऱ्या दिवशी जाग्यावर ऱ्हात न्हाय. ह्ये ऱ्हाईल. मी मेल्यावर कुणी म्हणंल, ह्यो सोपान्याचा मांडव." आणि लाजल्यासारखे हसले. त्यांना स्वतःसाठी काही मागताना मी तेवढंच एकदा ऐकलं.

मग त्या माळावर जे चाललं ते बघायला मी दर रविवारी दुकान बंद ठेवून जायचो. बायको म्हणायची, तुम्हीच खेळणार असल्यासारखे निघालात. मिलिंदनं कागदावर नकाशा काढून आणला होता. तात्यांनी तो नीट बघितला, घडी करून खिशात ठेवला आणि छत्री बंदुकीसारखी धरून माळावर वाकून चालायला लागले. एका बाभळीपासून दुसऱ्या बाभळीपर्यंत. मध्येच पोटावर झोपायचे, मान वर काढून बघायचे, उठून कपडे झाडायचे.

"मिलिंदा," ते म्हणाले, "लग्नात कुठनंबी नवरानवरी दिसली पायजे. हितं समदं उलटं हाय. कुठनंबी कोण दिसता कामा न्हाय."

आणि हे उलटं काम त्यांनी असं केलं की मिलिंदसुद्धा बघत बसायचा. जुनी पिंपं, ट्रॅक्टरचे टायर, मुरमानं भरलेली खतांची पोती, उसाच्या गाडीची मोडकी चाकं, जे मिळेल त्याचे आडोसे झाले. मैदान दक्षिणोत्तर धरलं, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी कुठल्याच संघाच्या डोळ्यावर ऊन नको. डोळ्याच्या उंचीला येणारी बाभळीची प्रत्येक फांदी त्यांनी स्वतः कोयत्यानं तोडली. आणि तपासणीला त्यांनी उभं केलं ते सीताकाकूंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला. काकू हिरवं लुगडं नेसून मैदानाच्या त्या टोकाला, तात्या या टोकाला. पदराचं टोक जरी दिसलं तरी तात्या ओरडायचे आणि पिंप सरकवायचे.

उन्हात उभ्या राहून राहून काकू वैतागल्या. "एवढी वर्सं संसार केला," त्या तिकडून ओरडल्या, "आन् आता मी दिसू न्हाय म्हणून एवढी खटपट!" गडी हसून हसून खाली बसले. तात्या हसले नाहीत. त्यांना काकूंचा पदर पुन्हा दिसला होता.

चुका झाल्या नाहीत असं नाही. रंगाच्या गोळ्या मुंबईहून आल्या तेव्हा मिलिंद पुण्याला गेला होता. ऊन कडक. तात्यांच्या गड्यांनी गोळ्यांची खोकी उघडली आणि लग्नातली विड्याची पानं ठेवतात तशा त्या ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवल्या, वरून अधूनमधून पाण्याचा हबका. गोळ्यांचं आवरण औषधाच्या कॅप्सूलसारखं. मिलिंद परत येईपर्यंत गोळ्या टम्म फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या, एकही नळीत जाईना. मिलिंदनं डोक्याला हात लावला. तात्यांनी एक फुगलेली गोळी उचलली, उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "पानं आसती तर आज काय सुरेख रंगली आसती." मग नवीन गोळ्या मागवल्या आणि कोरड्या लाकडी पेटीत ठेवल्या. पेटी काकूंच्या माहेरची, लुगड्यांची. बंदुकांच्या टाक्यांत भरायचा गॅस कुठून आणायचा हा मिलिंदला मोठा घोर होता. तात्यांनी तो सोडावॉटरच्या कारखान्यातून मिळवला. लग्नांतल्या सोड्यामुळे ओळख होतीच.

जाळीचं काम बघताना मात्र मी खरोखर थक्क झालो. बघणारी माणसं जाळीबाहेर बसणार, गोळी बाहेर येता कामा नये. मिलिंद म्हणाला, जाळी ताठ ताणू. तात्यांनी मान हलवली. त्यांनी दुहेरी जाळी लावली आणि तीही ढिली, वाऱ्यावर हलेल अशी. "ताणलेलं कापड फाटतं," म्हणाले. "ढिलं सोडलं की गोळी पोटात घेतं आन् खाली टाकतं." मिलिंदनं बंदूक झाडून बघितली. गोळी जाळीत गेली, जाळी आत ओढली गेली आणि रंग जमिनीवर ओघळला. मिलिंद म्हणाला, "मामा, तिकडंबी आसंच करत्यात. मी इसरलो हुतो."

बंदूक म्हटल्यावर पोलीस ठाण्यात जाणं आलंच. फौजदारांनी ती उलटसुलट बघितली आणि विचारलं, "माणूस मरतो का याने?" तात्या म्हणाले, "मारून बघा की." आणि मिलिंदचा मुखवटा तोंडावर चढवून ठाण्याच्या आवारातल्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. फौजदारही हौशी निघाले. पांढऱ्या शर्टावर पोटापाशी केशरी डाग उमटला. "हळद लागल्यागत वाटलं साहेब," तात्या म्हणाले. सगळं ठाणं हसलं आणि काम झालं.

संध्याकाळी त्यांनी माझ्या दुकानात शर्ट वर करून दाखवला. पोटावर जांभळा-निळा गोल उठला होता. "लागतं की वो," ते हळूच म्हणाले. "चांगलंच लागतं."

मी तो डाग वाकून जवळून बघितला. म्हणालो, "तात्या, हेच डोळ्यावर बसलं तर डोळा जाईल."

"जाईल मंजी?"

"म्हणजे जाईल. मी चष्मा देऊ शकतो, डोळा नाही देऊ शकत."

त्यांनी शर्ट खाली ओढला. मग पिशवीतून मुखवटा काढून माझ्या टेबलावर ठेवला. पुढं जाड भिंग, खाली तोंड आणि कान झाकणारं प्लास्टिक. मी भिंग तपासलं, कडा बघितल्या. तात्या म्हणाले, हातोडीनं मारा. मी हळू मारलं. ते म्हणाले, नीट मारा. मी नीट मारलं. भिंगाला काही झालं नाही. त्यांनी मुखवटा दोन्ही हातांनी उचलला आणि पिशवीत ठेवला.

पुढच्या रविवारी मैदानाभोवती, जाळीला लागून बाहेरून, चुन्याच्या फक्कीची एक जाड पांढरी रेघ मारलेली दिसली; आत जायचं जाळीचं एकुलतं दारही रेघेच्या आत. तात्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "ह्या रेघंच्या आत पाय टाकायच्या आदी मुखवटा. भाईर आल्यावर काडायचा. आत खेळ चालू असू दे न्हायतर नसू दे. घाम आला, भिंगावर वाफ धरली, नाक खाजलं, तरीबी आदी भाईर यायचं." गड्यांनी माना डोलावल्या. फक्की वाऱ्यानं उडायची, तात्या ती रोज सकाळी पुन्हा मारायचे. आत दगड वेचायला जाणाऱ्या बायकांनाही मुखवटा. बंदुका तेव्हा पेटीत कुलपात असायच्या. बायका आधी लाजल्या, मग त्यांनाही सवय झाली.

उद्घाटनाला अर्थात चेअरमन आण्णा. ज्यांच्या शब्दावर वाट मिळाली त्यांच्याशिवाय नारळ कोण फोडणार? तात्यांनी रेघेबाहेर छोटासा मांडव घातला. बारामतीहून नेहमीचा फेटेवाला बोलावला. आण्णांना गुलाबी फेटा, शाल, श्रीफळ. तात्यांनाही फेटा बांधला गेला. वरकुट्याची निम्मी माणसं आली होती. आत कॉलेजच्या पोरांचे दोन संघ मुखवटे लावून, बंदुका भरून तयार. आण्णांनी फीत कापली, मिलिंदच्या हातून बंदूक घेतली आणि फोटोग्राफरला म्हणाले, "चल, आत जाऊन काढू. पोरांच्या मदी उभा ऱ्हातो."

मिलिंदनं मुखवटा पुढं केला. आण्णांनी तो डोक्याशी नेऊन बघितला. फेट्यावर तो कुठून बसणार? "ह्यो तोबरा ऱ्हाऊ दे," ते हसून म्हणाले. "एक फोटू काढायचा, भाईर यायचं." आणि रेघेकडे निघाले.

तात्या आडवे आले. मी त्यांच्या मागेच उभा होतो. मानकऱ्याच्या वाटेत ते उभे राहिलेले मी कधी बघितले नव्हते.

"आण्णा, फेटा काडावा लागंल."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला. आमच्या भागात मानानं बांधलेला फेटा चारचौघांत उतरवायला सांगणं म्हणजे काय, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. आण्णा म्हणाले, "काय म्हणला, तात्या?"

"चूक माझी हाय," तात्या म्हणाले. "समदं ध्यानात ठिवलं, आन् फेटेवाल्याला मीच बलावलं. जलमभर बांधत आलो, हात तसाच गेला. पर रेघंच्या आत उघडं तोंड चालत न्हाय, आण्णा. कुणाचंच." आणि त्यांनी स्वतःचा फेटा उकलायला घेतला. पूर्ण उकलला, हातावर घडी घातली. "ह्यो मी पयला काडला. न्हायतर हितं मांडवात फोटू काडू. खुर्ची मी सोता धरतो."

आण्णांच्या बरोबरचा एकजण म्हणाला, "एका फोटूनं काय आभाळ पडतंय का? पोरांना म्हणावं बंदुका खाली ठिवा."

"आज आण्णांसाठी ठिवतील," तात्या म्हणाले. "उद्या आनखी कुणासाठी ठिवतील. आन् एक दिवस एखादा ठिवायचा इसरंल."

आण्णांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी उसाकडे बघितलं. "तात्या, माणसं हितं आली ती कुणाच्या रानातनं, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय."

"मग?"

"वाट तुमची हाय आण्णा, तुमी म्हणाल तसं. रेघ माझी हाय."

पिंपळीच्या मांडवातला हलवलेला खांब मला आठवत होता. मनात म्हणत होतो, तात्या, एवढं हलवा, एकदाच हलवा. आण्णांनी बंदूक मिलिंदच्या हातात दिली, शाल नीट केली आणि शांतपणे जीपमध्ये जाऊन बसले. धुरळा उसावर बसला.

मिलिंद रडवेला झाला होता. "मामा, उद्या वाट बंद हुईल."

"हुईल," तात्या म्हणाले. "आज उगडी हाय. खेळा."

आणि काय खेळली पोरं! पिंपांमागून, टायरांमागून, पोत्यांमागून अशी सटकत होती की जाळीबाहेर म्हातारी माणसंसुद्धा उभं राहून ओरडत होती. कोण कुठून येईल याचा कुणाला पत्ता लागत नव्हता, आणि हे सगळं या एका माणसानं छत्री घेऊन, पोटावर सरपटून ठरवलं होतं, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. दुपारनंतर गावच्या लोकांनीही हात मारून घेतला. सीताकाकूंनी पदर खोचला, मुखवटा चढवला आणि तात्यांच्या विरुद्ध संघात गेल्या. शेवटी दोघंच उरले. तात्यांनी चाकाच्या आडून हळूच डोकं वर काढलं, आणि काकूंची गोळी बरोबर त्यांच्या भिंगावर फुटली.

"दिसले एकदाचे!" काकू ओरडल्या.

तात्या हात वर करून रेघेबाहेर आले, मुखवटा काढला आणि माझ्या हातात दिला. भिंगावर निळ्या रंगाचे शिंतोडे पसरले होते, नेमकं उजव्या डोळ्यावर. मी धंद्याच्या सवयीनं भिंग तपासलं. चरा नव्हता. तात्यांच्या तोंडाकडे बघितलं. दोन्ही डोळे हसत होते. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, आणि मी ते लपवलं नाही.

संध्याकाळी ते एकटे आण्णांकडे जाऊन आले, फेट्याबद्दल माफी मागायला. आण्णांनी चहा पाजला. म्हणाले, "कार्यक्रम परत करू. फोटू काडू, तसाच, आत, फेट्यावर. वाट तुमचीच हाय." तात्यांनी चहा संपवला, कपबशी खाली ठेवली, नमस्कार केला आणि निघाले. हे त्यांनी मला एवढ्याच शब्दांत सांगितलं. त्यांच्याकडे शब्दांचा तुटवडा मी पहिल्यांदाच पाहिला.

सकाळी उसाच्या कडेला वाटेवर बाभळीचे काटे पडलेले होते. आण्णांचा राग मी समजू शकतो, आणि तो माणूस वाईट नव्हता हेही खरं. पण त्या काट्यांपुढं मैदान संपलं होतं. तात्यांनी गडी ओढ्याच्या गुडघाभर चिखलातून फिरवून आणले; गिऱ्हाईक काही असं येणार नव्हतं. मीही गेलो. मला वाटलं होतं ते बसून राहतील, गड्यांना सांगतील. ते स्वतः खांबावर चढले. जाळी त्यांनी ज्या हातानं बांधली होती त्याच हातानं सोडली आणि लग्नातल्या कापडासारखी चोख घडी घातली. पोती रिकामी केली, मुरूम पसरून दिला. पिंपं, टायर, चाकं, सगळं ओढ्यापलीकडे टेम्पोत गेलं. बंदुका आधीच गोदामात पोचल्या होत्या.

उन्हं उतरेपर्यंत माळावर काहीच उरलं नाही. बांबूंची भोकं, आणि चारी बाजूंनी फक्कीची रेघ. गडी ओढ्याकडे निघाले. मिलिंद शेवटची दोरी गुंडाळत होता. तात्या मैदानाच्या मधोमध उभे होते, आणि त्यांच्या तोंडावर तो मुखवटा होता. दिवसभर होता, हे आत्ता माझ्या लक्षात आलं. उजव्या डोळ्यावर काकूंचा निळा रंग तसाच वाळलेला, म्हणून ते मान जरा वाकडी करून डाव्या डोळ्यानं बघत होते.

एक गडी लांबून हसत ओरडला, "तात्या, आता कशाला? हितं काय बी न्हाय की!"

जिथं दार होतं त्या जागेकडे तात्या चालत आले. तिथं ना दार होतं, ना जाळी, ना माणूस. रेघ मात्र सरळ ओलांडता आली असती अशा चार जागा सोडून ते त्या दाराच्याच जागेवर आले. एक पाय बाहेर टाकला. मग दुसरा.

आणि मगच त्यांनी मुखवटा काढला.